मातीचे डेप्युटीसाहेब

कल्याण. ता. ४ जुलै १८८६, रविवार.

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. दाखवावी अशा योग्यतेचा माणूस कल्याणात नाही.

निमित्त असे. काल ठाण्याहून सर्क्युलर आले. मुलांच्या हाताला आणि डोळ्याला वळण लागेल असे ड्रॉइंग वगैरे काम शाळेत सुरू करावे. खर्च मंजूर नाही. गावात जे फुकट मिळेल त्यातून करावे. डेप्युटीसाहेब सप्टेंबरात परीक्षेला येतील तेव्हा हे काम बघतील.

हेडमास्तरांनी वाचून कपाळाला हात लावला. त्यांना दिवाळीत पेन्शन आहे, त्यांना काय त्याचे. पण त्यांच्या खुर्चीवर पुढे कोण बसणार हे यावरच ठरणार. उमेदवार दोन. एक मी. दुसरे परशुरामपंत, जे पहिलीला शिकवता शिकवता स्वतःही पहिलीतच राहिले आहेत. म्हणजे खरे पाहता उमेदवार एकच.

मी मुंबईच्या चित्रशाळेत एक पावसाळा काढलेला आहे. परीक्षकाने मत्सराने नापास केले, ते सोडून देऊ.

हेडमास्तरकी मिळाली असे सासऱ्यांना गेल्या दिवाळीतच सांगून टाकले होते. जरा घाई झाली खरी. पण मिळणारच आहे ते मिळाल्यासारखेच. तेव्हापासून ते ठाण्यास खोपटच्या घरी चारचौघांत मला हेडमास्तर अशी हाक मारतात. सुमती (आमचे कुटुंब) त्या वेळी खाली बघते. विनय.

ता. ५ जुलै, सोमवार.

चौथीच्या वर्गाला कलेचे महत्त्व सांगितले. मुले जांभया देत होती. ही पोरे म्हणजे नुसती भाताची पोती. उद्या प्रत्येकाने घरच्या चुलीतला कोळसा आणावा असा हुकूम केला. कागद नाही, म्हणून भिंतीवर काढायचे. एवढी साधी युक्ती आजवर कोणाला सुचली नव्हती.

ता. ६ जुलै, मंगळवार.

भिंतींना परवाच चुना दिला होता असे हेडमास्तर दिवसभर म्हणत राहिले. म्हातारपणी माणूस कोत्या मनाचा होतो.

काम झकास झाले. बैल, माकड, आगगाडी. दाराशेजारी एकाने वाकड्या नाकाचा, गाल फुगवलेला, हातात छडी उगारलेला माणूस काढला. कोण ते कळेना. बहुधा परशुरामपंत. ते छडी वापरत नाहीत, पण चित्रकाराला तेवढी मोकळीक असते. साम्य चांगले साधले म्हणून त्या मुलाची सर्वांदेखत पाठ थोपटली. वर्ग पोट धरून हसला. मुलांना कलेची गोडी लागू लागली.

ता. १२ जुलै, सोमवार.

रंग. हळदीत चुना घातला की लाल, निळीत हळद घातली की हिरवा. सगळे घरातले, सगळे फुकट. मुलांनी रंग एकमेकांना लावले.

संध्याकाळी आमच्या शेजारच्या रंगूबाई मुलाचे धोतर हातात धरून दारात आल्या. म्हणाल्या, मास्तर, पोराला शाळेत घातलेय, रंगाऱ्याकडे नाही, आता हे धुवा तुम्हीच. अडाणी बाई. मी तिला रंगांचे मिश्रण समजावू लागलो तोवर सुमतीने धोतर घेऊन भिजतही घातले. तिच्या अशा वागण्याने माझे वजन कमी होते. तसे तिला बोललो. ती म्हणाली, हेडमास्तरांच्या मागच्या खोल्या मिळाल्या तर तिथे दगडी हौद आहे, धुणे सोपे जाईल.

शाळेच्या मागच्या त्या खोल्या हेडमास्तराला पदाबरोबर मिळतात. आमच्या जागेत तीन कोपऱ्यांत भांडी मांडून ठेवावी लागतात, एवढे गळते. तिने आजवर कधी काही मागितले नाही, पण त्या हौदाचे नाव महिन्यातून एकदा तरी निघतेच. हौद मिळवून देणार. ठरले.

रंग मात्र बंद.

ता. १९ जुलै, सोमवार.

भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की आत फूल असते, ते काजळीत बुडवून उठवायचे. मुलांनी टोपलीभर भेंड्या आणल्या. मी फळ्याकडे वळलो तेवढ्यात शेजारच्या वर्गात खुंटीवर टांगलेल्या परशुरामपंतांच्या उपरण्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठसे उठले.

मला वाटले आता हा गृहस्थ आकांडतांडव करील. त्याने उपरणे उलटसुलट करून पाहिले, छान दिसते म्हणाला आणि तेच घालून बाजारात गेला. स्वाभिमान म्हणून काही चीज असते, ती याला ठाऊकच नाही.

उरलेल्या भेंड्या घरी आणल्या. रोज भेंडीची भाजी.

ता. २६ जुलै, सोमवार.

कोळसा, रंग, भाजी हे सगळे बालिश होते. खरी कला मातीची. रघू आगरी म्हणून एक खाडीकडचा शेतकरी आहे, त्याचा मुलगा माझ्या वर्गात. त्याला चिकणमाती आणायला सांगितली. गाडीभर घेऊन आला. म्हणाला, मास्तर, यात जरा बारीक रेती न् कापूस मिसला, नायतर सुकताना लोंबल. मी त्याला सांगितले की माती कशी मळायची हे मी मुंबईस शिकलो आहे. या लोकांना जरा तोंड दिले की लगेच शिकवू लागतात.

कापूस विकत घ्यावा लागतो. सर्क्युलरात खर्च मंजूर नाही.

ता. २ ऑगस्ट, सोमवार.

मुलांना युरोपातल्या पद्धतीने घनाकृती शिकवायला सुरुवात. आज दंडगोल. हातांनी माती वळून लांब सरळ दंडगोल करायचा. सगळ्या वर्गाचे दंडगोल वाकडे झाले. फळीवर ओळीने मांडून ठेवले. वाळले की डेप्युटीसाहेबांना दाखवता येतील.

ता. ४ ऑगस्ट, बुधवार. नागपंचमी.

सुट्टी. दुपारी शाळेत डोकावलो तर फळी मोकळी. मुलांच्या आया सकाळी येऊन सगळे दंडगोल घेऊन गेल्या. घराघरात पाटावर त्यांची पूजा. लाह्या, दूध, हळदकुंकू. रंगूबाईंकडे तर एका दंडगोलाला गुंजांचे डोळे बसवले होते. मी म्हणालो, हा भूमितीतला आकार आहे. त्या म्हणाल्या, असेल हो, पण फणा जरा बारीक झालाय.

या गावात विद्या शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ता. ५ ऑगस्ट, गुरुवार.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवण्यासारखी. मुले एरवी मातीची कोणतीही वस्तू दिवसभर टिकू देत नाहीत. फोडतात, चाटतात, एकमेकांना मारतात. पण ज्या दंडगोलाला कुंकू लागले त्याला काल एकाही पोराने बोट लावले नाही. मी हा मनुष्यस्वभावाचा अभ्यास म्हणतो. पुढे उपयोगी पडेल.

ता. १६ ऑगस्ट, सोमवार.

परीक्षेच्या दिवशी मांडायच्या एक्झिबिशनची तयारी जोरात. पृथ्वीचा गोल, सह्याद्री घाटासह, खाडीवरचा रेल्वेचा पूल, एक गाय (हेडमास्तरांच्या आग्रहावरून). परशुरामपंत मुलांना मातीची फळे करायला शिकवत होते. मी त्यांना नम्रपणे सांगितले की फळे मंडईत मिळतात.

पण या सगळ्याच्या मधोमध काहीतरी भव्य हवे, साहेबांच्या नजरेत भरेल असे. आज दुपारी सुचले. खुद्द साहेबांचाच पुतळा. डोक्यापासून कमरेपर्यंत. स्वतःचा पुतळा बघून ज्याचे मन द्रवत नाही असा अधिकारी अजून जन्मायचा आहे.

मी साहेबांना दोनदा पाहिले आहे. एकदा ठाण्याच्या कचेरीत, मागून. एकदा गाडीतून जाताना, बाजूने. कलावंताला तेवढे पुरते.

ता. २२ ऑगस्ट, रविवार.

पुतळा पुरा झाला. पोट हुबेहूब. पगडी उंच, पुढे थोडी निमुळती. कान मोठे घेतले, कारण मागून पाहताना तेच ठळक दिसले होते. एक हात आशीर्वादासारखा वर केलेला, म्हणजे परीक्षा संपवून मुलांना उपदेश करताना. दुसऱ्या हातात भूगोलाची खूण म्हणून लहानसा गोळा.

चौथीच्या वर्गाकडून रोज म्हणून घेतो. हे कोण? डेप्युटीसाहेब. पुन्हा, हे कोण? डेप्युटीसाहेब. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी विचारले तर एकाचीही चूक होता कामा नये.

हेडमास्तर चष्मा सावरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, सोंड अजून लावायची आहे वाटते. पेन्शन वेळेवर देतात ते सरकार शहाणे.

ता. २८ ऑगस्ट, शनिवार.

पाऊस खंडत नाही. माती वाळत नाही. साहेबांचे नाक खाली उतरू लागले आहे. तडा गेला म्हणून वरून ओली माती लावली, तर वजनाने आणखी उतरले. मग आधाराला खालून लावली. आता नाक हनुवटीपर्यंत आहे. हवेचा दोष. मुंबईस चित्रशाळेला चांगले पक्के छप्पर होते.

त्यात पोरांनी रेल्वेचा पूल मोडला. गाईचे शिंगही गेले.

ता. ३० ऑगस्ट, सोमवार.

अभ्यासाचा उपयोग केला. सकाळी कोणी यायच्या आत पुतळ्याला हळदकुंकू वाहिले, जास्वंदीचे फूल ठेवले, सह्याद्रीला, गोलाला, गाईला, सगळ्यांना एकेक बोट कुंकू. दिवसभरात एकाही मुलाने कशाला हात लावला नाही. उलट आत येताना मुले चपला बाहेर काढू लागली.

मनुष्य शिकलेला असला की तो असा मार्ग काढतो. परशुरामपंत बिचारे मुलांना समजावून सांगत बसतात.

साहेबांची परीक्षा ८ तारखेला, गणपती-गौरींची सुट्टी संपताच. पावसाळ्यात ते खेड्यांत जात नाहीत, रेल्वेवरची गावे उरकून घेतात. तोवर सगळे सुरक्षित.

ता. २ सप्टेंबर, गुरुवार. गणेशचतुर्थी.

घरी गणपती आला. दुपारी सहज शाळेकडे गेलो तर आत माणसे. रघूची बायको बायजा बाजारात दुर्वा विकायला निघाली होती, तिने खिडकीतून आत पाहिले आणि दुर्वांची एक जुडी ठेवून गेली. तिचे पाहून रंगूबाई आल्या, त्यांच्यामागून सगळी आळी. हेडमास्तरांनी समई आणून लावली होती.

बायजा परत जाताना मला म्हणाली, मास्तर, देव साजरा केलाव, पन सोंड जरा पातल हाय.

नाक आता छातीपर्यंत आले आहे, हे कबूल करावे लागते.

तरी एक्झिबिशनला गावाने एवढी गर्दी केली याचे मनातून समाधान वाटले. लोकांनी मोदकही ठेवले होते. त्यातले अकरा खाल्ले. गाव कलावंताचे काही देणे लागतेच.

ता. ३ सप्टेंबर, शुक्रवार.

अडचण. हेडमास्तर म्हणाले, शाळेत गणपती बसवलात हे उत्तम केलेत, मला आधी बोलला असता तर भटजी बोलावला असता. आता मात्र गौरींबरोबर विसर्जन करू. पुतळा आठ तारखेला ठेवायचा आहे असे म्हणालो तर म्हणाले, गणपती काय परीक्षेला ठेवतात?

खरे सांगायला तोंड उघडले आणि मिटले. काय सांगू? की तुम्ही समई लावलीत, आळीने आरती केली, ते डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर आहेत? जिवंत माणसाला कुंकू लावून मी त्याचा नैवेद्य खाल्ला? हेडमास्तरांनी मला वाळीत टाकले असते. आणि साहेबांच्या कानावर गेले असते तर त्यांनी आणखी काही केले असते.

गप्प राहिलो. हे मुत्सद्दीपण.

ता. ४ सप्टेंबर, शनिवार.

योजना पहिली: कुंभाराकडून एक खरा गणपती आणून त्याचे विसर्जन करायचे, साहेबांना मागच्या खोलीत ठेवायचे. कुंभार म्हणाला, चतुर्थी झाल्यावर गणपती मागणारे तुम्ही पहिलेच. एकही शिल्लक नाही. याला धंदा म्हणावे का?

योजना दुसरी: सुमतीकडून हेडमास्तरीणबाईंना समजावणे. सुमतीला सगळे सांगितले. ती हसली नाही. हसली असती तर बरे वाटले असते. म्हणाली, जाऊन सांगून टाका ना, चूक झाली म्हणून. मी म्हटले, चूक झालेली नाही, फक्त नाक लांब झाले आहे.

ता. ६ सप्टेंबर, सोमवार.

योजना तिसरी, सर्वांत उत्तम. नाक मूळच्या मापावर आणायचे म्हणजे तो गणपती राहणार नाही, साहेब होतील, आणि लोकच आपली चूक उमजून घरी जातील. गौरीजेवणाच्या गडबडीत शाळेत कोणी नव्हते. चाकू घेऊन गेलो. नाकाला जरा टेकवला मात्र, सगळे नाक मुळापासून निखळून माझ्या हातात आले.

त्याच क्षणी मागे हेडमास्तर नैवेद्याचे ताट घेऊन उभे.

त्यांना वाटले नाक, म्हणजे सोंड, आपोआप पडली आणि मी ती झेलली. ताट खाली ठेवून त्यांनी हात जोडले. मूर्ती खंडित झाली, आता तासभरही ठेवता येत नाही, उद्या उजाडताच गौरींच्या आधी निघायला हवे, असे म्हणाले. मग पुढे म्हणाले, सबंध आरास त्याच्याबरोबर. सगळ्यांना कुंकू आहे.

सह्याद्री, गोल, गाय. सगळे.

मी विचारले, उद्या संध्याकाळी नेले तर चालेल का. दुपारपर्यंत मुदत मिळाली. त्यात काय साधणार होतो ते आता आठवत नाही.

ता. ७ सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी.

शांतपणे लिहितो.

चौथीचा सगळा वर्ग, टाळ, हेडमास्तरांची झांज, रघूच्या भावकीतला एक ढोल. परशुरामपंत भेंडीच्या ठशांचे उपरणे घालून पुढे. पाट माझ्या डोक्यावर, कारण मूर्ती मी केलेली. मुलांनी पहिला गजर केला. पंधरा दिवस मीच त्यांना पढवले होते. सगळी शाळा एका सुरात ओरडली: डेप्युटीसाहेब मोरया.

मी मागे वळून दम देणार तर डोक्यावर पाट. हेडमास्तरांना ऐकू कमी येते, ते झांज वाजवत राहिले.

शेणाळे तळ्याच्या वळणावर स्टेशनाकडून एक टांगा आला आणि गर्दीमुळे थांबला. आत डेप्युटीसाहेब. उद्याच्या परीक्षेसाठी आजच मुक्कामाला निघालेले. पहिल्यांदाच मी त्यांना समोरून पाहिले. कान लहान आहेत.

मुले दुप्पट जोराने ओरडली. डेप्युटीसाहेब मोरया, पुढच्या वर्षी लवकर या. साहेबांनी टांगेवाल्याला काही विचारले. टांगेवाल्याने पोरांना विचारले. पोरांनी माझ्या डोक्याकडे बोट दाखवून मोठ्या आनंदाने सांगितले.

परत फिरणे शक्य नव्हते. पाट पाण्यावर आल्यावर थांबत नाहीत, तसे कोणी केलेले नाही. कमरेएवढ्या पाण्यात गेलो. रिवाजाप्रमाणे तीनदा बुडवायचे. एकदा बुडवून वर काढले, नाक नसलेले, हात वर केलेले. दुसऱ्यांदा वर काढले. दोन्ही वेळा मी चुकून टांग्याकडे बघितले, दोन्ही वेळा साहेब इकडेच बघत होते. तिसऱ्यांदा सोडून दिले. मग मुलांनी गोल, गाय आणि सह्याद्री टाकला.

वर आलो तेव्हा टांगा गेला होता. साहेबांनी लोकांच्या धर्मभावनेत व्यत्यय आणला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

ता. ८ सप्टेंबर, बुधवार.

परीक्षा झाली. साहेबांनी वाचन, हिशेब, भूगोल घेतला. माझ्याकडे सबंध दिवस पाहिले नाही. एवढ्या उच्च भावना आल्या की माणूस डोळ्याला डोळा देऊ शकत नाही.

शेवटी विचारले, हाताच्या कामाचे काय. हेडमास्तर माझ्याकडे बघू लागले. मी रिकाम्या फळ्यांकडे. परशुरामपंत पुढे होऊन म्हणाले, मुलांनी हे केले आहे, आणि उपरणे उलगडून धरले. साहेबांनी ते हातात घेतले, बोटांनी चाचपले, काय लागले असे विचारले. भेंडी, असे परशुरामपंत म्हणाले. साहेब पहिल्यांदा हसले.

ती कल्पना माझी होती. हे सांगायला मी दोनदा घसा खाकरला. कोणी वळून बघितले नाही.

ता. २० सप्टेंबर, सोमवार.

ठाण्याहून काही नाही. चांगली चिन्हे. वाईट बातमीला वेळ लागत नाही.

ता. ११ ऑक्टोबर, सोमवार.

हुकूम आला. हेडमास्तर परशुरामपंत.

माझी बदली. आंबिवलीस नवी शाळा उघडते आहे, तिथे.

हेडमास्तरांनी मला हुकूम वाचून दाखवला, कारण मला अक्षर लागेना. चष्म्याचा नंबर वाढला असावा. परशुरामपंत म्हणाले, तुमच्याशिवाय वर्ग सुना वाटेल. खोटे बोलत नव्हते, हेच सहन होईना. त्यांच्यात खोटेपणा असता तर मला त्यांचा तिरस्कार नीट करता आला असता.

घरी आलो. सुमती पाणी घेऊन आली. मी सांगितले. तिने भांडे खाली ठेवले आणि म्हणाली, मग हौद नको. एवढेच. मागच्या खोलीत जाऊन मी रडलो. हे इथे लिहितो कारण दुसरीकडे लिहिण्याजोगे नाही.

ता. २८ ऑक्टोबर, गुरुवार. पाडवा.

ठाणे. खोपटच्या घरी फराळाला बरीच माणसे. सासरे म्हणाले, आमचे जावई कल्याणला हेडमास्तर. मी म्हणालो, आता आंबिवलीस. बढतीवर बदली. खोटे काही बोललो नाही. त्या शाळेत एकच शिक्षक आहे, तेव्हा तोच मुख्य.

सासऱ्यांनी विचारले, हाताखाली शिक्षक किती? मी म्हणालो, नेमणुका अजून व्हायच्या आहेत. सुमती चकल्यांचे ताट घेऊन आली होती. या वेळी तिने खाली पाहिले नाही. सरळ माझ्याकडे पाहिले आणि वडिलांना म्हणाली, हो, सगळा कारभार त्यांच्याकडेच असणार. आजवर मला कोणी इतके झाकून घेतलेले नाही.

आंबिवली. ता. ८ नोव्हेंबर, सोमवार.

पहाटे निघालो, शहाडला होडीने नदी ओलांडली, तिथून चालत. शाळा चावडीत भरायची. मुले अजून आलेली नव्हती. पाटील म्हणाले, शिपाई नाही, पुढच्या वर्षी बघू. चावडीत कोंबड्या बसल्या होत्या, कोनाड्यात बिड्यांची थोटके, जमिनीवर भाताचे तूस. पाटील खांबाला टेकून उभे होते, मी काय करतो ते बघत. तुच्छतेने बघावे असे आजूबाजूला कोणी दिसेना.

धोतर खोचले. आज हेडमास्तरांनी शाळा झाडली.